गाडीत फ्रिज घेण्याआधी



वडवणीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या दिरांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि मागची काही आसने काढून तिथे झोपण्यासाठी फळ्या आणि भांडी ठेवायला छोटा ओटा करून घेतला. मे महिन्याच्या सुट्टीत घरातली नऊ माणसे या गाडीने निघणार आहेत. आधी खुलताबाद, मग धुळे-इंदूरमार्गे अजमेर आणि तसेच परत. सासूबाईंना दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. धाकट्या जावेचे बाळ आठ महिन्यांचे आहे. पत्रात त्या विचारतात, "दुकानात कार फ्रिज म्हणून एक डबा स्वस्तात मिळतो आहे. दुकानदार म्हणतो, घरच्या फ्रिजसारखाच गार करतो. दीर म्हणतात घेऊन टाकू, सासरे म्हणतात बर्फाची पेटी काय वाईट आहे. आम्ही काय करावे?"

प्रश्न एका घराचा असला तरी उत्तर अनेकांच्या उपयोगाचे आहे. पूर्वी लांबच्या प्रवासाला एस. टी. आणि रेल्वे हेच मार्ग होते. आता तीन-चार कुटुंबे मिळून गाडी करतात आणि वाटेतच स्वयंपाक करतात. गाडीतच राहायची सोय असलेल्या कॅराव्हॅनसाठी तर महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये वेगळे पर्यटन धोरणच आणले. त्यामुळे गाडीतला फ्रिज ही फक्त श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. पण 'फ्रिज' या एकाच नावाखाली बाजारात फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि फसगत तिथेच होते. सरबत कोमट राहिले तर कोणाचे बिघडत नाही. इन्सुलिन खराब झाले तर ते बघून कळतेच असे नाही. सुई टोचली जाते, पण साखर खाली येत नाही. परगावी, भर उन्हात ही वेळ येऊ नये म्हणून थोडा हिशेब आधीच मांडू.

आधी यादी, मग डबा

दुकानात जाण्यापूर्वी कागद घ्या आणि गाडीत नेमके काय गार ठेवायचे आहे ते लिहा. साधारणपणे चार प्रकार निघतात.

पहिला प्रकार औषधांचा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. ते तापू द्यायचे नाही आणि गोठूही द्यायचे नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नाही, टाकून द्यायचे.

दुसरा प्रकार दूध, दही आणि शिजवलेल्या अन्नाचा. हे ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे. बाहेरची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेले अन्न तासाभरापेक्षा जास्त वेळ उघड्यावर राहू देऊ नये, असे अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहालाच पारा त्याच्या पुढे गेलेला असतो.

तिसरा प्रकार गोश्तचा. एक-दोन दिवसांत शिजवायचे असेल तर ते दुधाइतके गार पुरते. त्याहून जास्त दिवस ठेवायचे असेल तर उणे १८ अंशांवर गोठवलेले हवे.

चौथा प्रकार पाणी, सरबत आणि फळांचा. ही हौस आहे. सुराही किंवा ओल्या कापडात गुंडाळलेली बाटली हे काम वर्षानुवर्षे करत आली आहे. केवळ यासाठी हजारो रुपये घालवणे हा इसराफच.

या यादीतून एक गोष्ट लगेच दिसते. सर्वांत महत्त्वाची वस्तू सर्वांत कमी जागा घेते. सासूबाईंचे महिन्याभराचे इन्सुलिन हाताच्या ओंजळीत मावते. डबा किती लिटरचा आहे यापेक्षा आत किती अंश तापमान राहते आणि ते किती तास टिकते, हा प्रश्न मोठा आहे.

बाजारात मिळणारे प्रकार

स्वस्तात मिळणारा 'कार फ्रिज' बहुतेक वेळा थर्मोइलेक्ट्रिक असतो. फ्रान्सच्या झाँ पेल्तिए यांनी १८३४ मध्ये असे दाखवले, की दोन वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक सांधा गार पडतो आणि दुसरा तापतो. या डब्यात तेच तत्त्व वापरतात. आत एक छोटी चकती आणि एक पंखा, बस. यात वायू नाही आणि कंप्रेसरही नाही. त्यामुळे डबा हलका आणि स्वस्त असतो, आवाजही कमी करतो. अडचण अशी, की तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकतो. पुण्यात डिसेंबरमध्ये बाहेर २२ अंश असताना तो आत ५ अंश दाखवेल आणि घेणारा खूश होईल. तोच डबा वडवणीत मे महिन्याच्या दुपारी ४२ अंशांत ठेवा. आत २२ ते २७ अंश राहील. हे फ्रिजचे तापमान नव्हे. यात दूध नासेल आणि न उघडलेल्या इन्सुलिनची साठवण होणार नाही.

दुकानदार खोटे बोलत असेल असे नाही, त्यालाही हा फरक माहीत नसतो. आपण ओळखायचे कसे? तीन खुणा आहेत. खोक्यावर "बाहेरच्या तापमानापेक्षा २० अंश कमी" अशा अर्थाची ओळ असेल तर तो थर्मोइलेक्ट्रिक. डब्यावर गार आणि गरम असे दोन्ही करणारे बटण असेल तरी बहुधा तोच. आणि एका हाताने सहज उचलला गेला, तर आत कंप्रेसर नाही असे समजा.

दुसरा प्रकार कंप्रेसरचा. आपल्या घरच्या फ्रिजचेच तंत्र, पण गाडीच्या १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारे. हा जड असतो आणि त्याची किंमत थर्मोइलेक्ट्रिक डब्याच्या कित्येक पट असते. पण बाहेर ४२ अंश असले तरी आत ४ अंश ठेवतो आणि अनेक कंप्रेसर फ्रिज उणे १८ पर्यंतही जातात. हवे तेवढे गार झाले की कंप्रेसर थांबतो, त्यामुळे वीजही कमी लागते. थर्मोइलेक्ट्रिक डबा उन्हाळ्यात ठरलेल्या तापमानाला कधी पोहोचतच नाही, म्हणून तो अखंड चालत राहतो. स्वस्त डबा जास्त वीज खातो ती अशी.

तिसरा प्रकार गॅसवर चालणारा. स्वीडनमधील दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, १९२२ च्या सुमारास तो तयार केला. त्यात ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया फिरवून गारवा निर्माण करतात. परदेशातील कॅराव्हॅनमध्ये तो खूप वापरला गेला. पण त्याला गाडी अगदी सपाट जागी उभी लागते, धूर बाहेर काढायची सोय लागते आणि कडक उन्हात तो कमी पडतो. घरगुती सिलिंडर जोडून मुलाबाळांच्या गाडीत असला प्रयोग कोणी करू नये.

चौथा मार्ग काही जण सुचवतात, तो म्हणजे घरी वापरायचा लहान फ्रिज इन्व्हर्टर लावून गाडीत ठेवणे. फ्रिज स्वस्त पडतो हे खरे. पण बॅटरीच्या विजेचे घरगुती विजेत रूपांतर करताना काही वीज वाया जाते. सुरू होताना कंप्रेसर क्षणभर कित्येक पट जास्त वीज ओढतो, त्यामुळे इन्व्हर्टर मोठा लागतो. शिवाय घरचा फ्रिज एका जागी उभा राहण्यासाठी बनवलेला असतो, खड्ड्यांच्या रस्त्यासाठी नाही.

आणि पाचवा प्रकार म्हणजे बर्फाची पेटी. तिच्याकडे आपण पुढे वळू, कारण सासरेबुवांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

विजेचा हिशेब

घरातल्या मुलांना हा हिशेब करायला सांगा, सातवी-आठवीचे गणित आहे.

३५ ते ४० लिटरचा कंप्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ५० वॅट घेतो. मे महिन्यात तापलेल्या गाडीत तो दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ चालेल. साठ टक्के धरू. म्हणजे चोवीस तासांत ५० गुणिले २४ गुणिले ०.६, सुमारे ७२० वॅट-तास. याला १२ ने भागले की ६० अँपिअर-तास येतात. तेवढ्याच वॅटचा थर्मोइलेक्ट्रिक डबा अखंड चालून १०० अँपिअर-तास खातो आणि तरी आतले दूध नासतेच.

आता बॅटरी पाहा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ५० मिळतात, वीस तासांची सोय. लिथियम फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीतून ८० ते ९० वापरता येतात. ती महाग असते, पण हलकी असते आणि जास्त वर्षे टिकते.

गाडी सुरू करण्याच्या मूळ बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवू नये. पहाटे फजरनंतर निघायच्या वेळी गाडी सुरू होणार नाही, आणि आडरस्त्यावर नऊ माणसांनी धक्का मारत बसणे काही बरे नव्हे. चांगल्या फ्रिजमध्ये बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की फ्रिज आपोआप बंद होण्याची सोय असते. तिला बॅटरी प्रोटेक्शन म्हणतात आणि बहुधा तीन पातळ्या देतात. गाडीच्या मूळ बॅटरीला जोडला असेल तर ती सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा. पण यातली गोम लक्षात घ्या. गाडी वाचते ती फ्रिज बंद पडल्यामुळे. रात्री दोनला बंद पडलेला फ्रिज सकाळी आठला कोणी पाहिला, तर सहा तास औषध गाडीत गरम होत होते. म्हणून मुक्काम गाडीतच करायचा असेल तर फ्रिजसाठी वेगळी बॅटरी घ्या आणि गाडी चालताना तीही चार्ज होईल अशी जोडणी करून घ्या. छतावर २०० वॅटचे सोलर पॅनेल बसवले तर मे महिन्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला सहाशे-सातशे वॅट-तास मिळू शकतात, म्हणजे जवळजवळ फ्रिजपुरते.

वायरीकडे तर कोणी लक्षच देत नाही. फ्रिज मागे आणि बॅटरी पुढे असेल तर मधले अंतर पाच मीटर तरी होते. सिगारेट लायटरच्या जागेतून बारीक, १ चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर वाटेतच जवळपास ०.९ व्होल्ट गळतो. बॅटरी भरलेली असताना फ्रिजला ती संपल्यासारखी वाटते आणि तो बंद पडतो. लोक फ्रिजला दोष देतात, दोष वायरीचा असतो. ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हीच गळती ०.२ व्होल्टवर येते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की लायटरची वीज बंद होते, हेही तपासा. ट्रकची वीज २४ व्होल्टची असते. दोन्हींवर चालणारा फ्रिज घेतला तर पुढे गाडी बदलली तरी अडत नाही.

जाता जाता एक सूचना. गाडीची आसने काढून रचना बदलली असेल तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. ती घेतल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका. अपघात झालाच तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

बर्फाच्या पेटीची ताकद

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषून घेतो. पाच किलो बर्फ म्हणजे ४६५ वॅट-तास. जाड भिंतीच्या, घट्ट झाकणाच्या चांगल्या पेटीत एवढा बर्फ आपल्या उन्हाळ्यातही साधारण एक दिवस निघतो. तिला वीज लागत नाही, ती बिघडत नाही आणि बॅटरी उतरण्याची भीती नाही. दर मुक्कामी बर्फ मात्र नव्याने भरावा लागतो.

लादीच्या बर्फापेक्षा घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बऱ्या. बाटली काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना फुगते. असा बर्फ वितळला तरी पेटीत चिखल होत नाही आणि ते पाणी पिता येते. दोन पेट्या ठेवा. एक पाण्याची, जी मुले दर दहा मिनिटांनी उघडतील. दुसरी दूध आणि अन्नाची, जी दिवसातून चार वेळाच उघडायची. झाकण जितके कमी उघडेल तितका बर्फ टिकेल.

पण बर्फाच्या पेटीत इन्सुलिन ठेवताना एक धोका आहे आणि त्याचा उपाय आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. पोलिओच्या दिवशी आशाताई खांद्याला अडकवून जो डबा आणतात, त्यात चार बर्फाच्या पट्ट्या असतात. या पट्ट्या फ्रीजरमधून काढल्या की लगेच डब्यात भरत नाहीत. बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू देतात. हलवून पाहिल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की मगच भरतात. फ्रीजरमधून थेट काढलेली पट्टी शून्याच्या बरीच खाली असते आणि तिला चिकटलेली लस गोठू शकते. पाणी सुटू लागलेली पट्टी शून्यावर आलेली असते. असा बंद डबा साधारण बारा तास लस सांभाळतो. आपल्यालाही हेच करायचे आहे. इन्सुलिन छोट्या डब्यात घाला, डबा सुती कापडात गुंडाळा, पट्टीला घाम फुटल्यावरच ती पेटीत ठेवा आणि इन्सुलिनचा बर्फाशी थेट स्पर्श होऊ देऊ नका.

कंप्रेसर फ्रिजमध्येही ही काळजी हवी. जो फ्रिज उणे १८ पर्यंत जातो, तो मुलाने खेळता खेळता बटण दाबले तरी जाईल. तापमान ४-५ अंशांवर लावा आणि बटणांना कुलूप लावायची सोय असेल तर ती वापरा. तळाशी आणि भिंतीलगत गारवा जास्त असतो, म्हणून इन्सुलिन वरच्या जाळीत, मध्यभागी ठेवा. फ्रिजच्या दर्शनी आकड्यावर विसंबू नका. वायरीचा छोटा डिजिटल थर्मामीटर घेऊन त्याची टोकदार कांडी इन्सुलिनच्या डब्यातच ठेवा.

सध्या वापरात असलेले पेन किंवा बाटली सहसा २५ ते ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे चालते. नेमके किती, ते त्या-त्या औषधाच्या कागदावर वाचा. डॅशबोर्डवर किंवा बंद गाडीत ते कधीच ठेवू नका. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ५० अंशांच्या पुढे जातो. गाडीतून उतरताना सासूबाईंची पिशवी त्यांच्यासोबत उतरली पाहिजे.

बाळाचे दूध आणि बकरीदचे गोश्त

आठ महिन्यांच्या बाळासाठी आईच्या दुधाला फ्रिज लागत नाही, प्रवासात तेच सर्वांत सोयीचे. पावडरचे दूध द्यावे लागत असेल तर ते तयार करून साठवण्यापेक्षा उकळलेले पाणी थर्मासमध्ये न्या आणि दर वेळी ताजे बनवा. बाळाने बाटलीत ठेवलेले उष्टे दूध पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नये.

गेली काही वर्षे बकरीद मे-जूनमध्ये येते आहे, तेव्हा गोश्तचाही प्रश्न येतो. पुण्याच्या नातेवाइकांकडे हिस्सा पोहोचवायचा म्हणून ताजे, अजून ऊब असलेले गोश्त गाडीतल्या फ्रिजमध्ये कोंबले जाते. दहा किलो गरम गोश्त गार करून पूर्ण गोठवायला लहान कंप्रेसरला जवळपास पूर्ण दिवस लागेल. तोवर मधला भाग ऊबच धरून राहतो आणि बिघडायला सुरुवात होते. गाडीतला फ्रिज गारवा टिकवण्यासाठी आहे, गरम वस्तू गार करण्यासाठी नाही. गोश्त आधी घरी थंड होऊ द्या, किलो-अर्धा किलोच्या चपट्या पिशव्या करा, घरच्या फ्रीजरमध्ये कडक गोठवा आणि मग निघा. असे गोश्त वडवणी ते पुणे या सहा-सात तासांच्या वाटेत चांगल्या बर्फाच्या पेटीतही गोठलेले राहते. कच्चे गोश्त आणि औषध एका डब्यात कधीही ठेवू नका.

हाच नियम प्रत्येक वस्तूला लागू आहे. फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून गार करून घ्या. त्यात आधीच गार असलेल्या वस्तू भरा. रिकामी जागा गार पाण्याच्या बाटल्यांनी भरा. जिथून गरम हवा बाहेर पडते ती जाळी मोकळी ठेवा, तिच्यावर अंथरुणे रचू नका. दुपारी उन्हाची बाजू टाळून ठेवा.

ज्यांना फ्रिज परवडणारच नाही

वडवणीत बसून गाडीत राहण्याविषयी लिहिताना आणखी एक दृश्य डोळ्यांसमोर येते. दिवाळीच्या सुमारास याच तालुक्यातून, आणि धारूर, माजलगाव, केजमधूनही, हजारो कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोप्यांमध्ये पाच-सहा महिने काढतात. त्यांच्यातही मधुमेहाचे रुग्ण आहेत. त्यांना १२ व्होल्टचा फ्रिज सुचवणे म्हणजे थट्टा होईल.

त्यांच्यासाठी मातीच्या भांड्याचा उपाय आहे. नायजेरियातील शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९० च्या दशकात वीज नसलेल्या गावांत एक जुनी युक्ती पुन्हा रुजवली. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवायचे, मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवायची आणि वर ओले कापड टाकायचे. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर आत चांगलाच गारवा राहतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे जमते, पावसाळ्यातल्या दमट हवेत नाही. यात २ ते ८ अंश मिळणार नाहीत, त्यामुळे साठ्यासाठी हे उपयोगाचे नाही. वापरात असलेल्या इन्सुलिनला मात्र हा आधार पुरेसा ठरू शकतो. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातील निर्वासितांच्या छावणीतल्या तापमानाचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसरात्र २५ ते ३७ अंशांत खालीवर होणाऱ्या तापमानात, त्यांनी तपासलेल्या इन्सुलिनचा प्रभाव चार आठवडे टिकल्याचे त्यात दिसले. याचा अर्थ औषध कसेही ठेवा असा नाही. आपल्या डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. मात्र फ्रिज नाही म्हणून कोणी इन्सुलिनच बंद करू नये, हे यातून नक्की सांगता येते. सहा महिन्यांचा साठा सोबत नेण्यापेक्षा चिठ्ठी सोबत न्यावी आणि तळाजवळच्या औषध दुकानातून किंवा सरकारी दवाखान्यातून महिन्या-महिन्याला औषध घ्यावे. तुमच्या ओळखीत कोणी ऊसतोडीला जाणारे असेल तर त्यांना एवढे जरूर सांगा.

मग घ्यायचे काय?

वर्षातून एखादाच प्रवास असेल तर फ्रिज घेऊच नका. दोन चांगल्या बर्फाच्या पेट्या आणि औषधासाठी वेगळा छोटा डबा यांत काम होते. वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी कोणाच्या फ्रीजरमध्ये पट्ट्या गोठवून घेता येतील का, हे आधी फोन करून ठरवा. अजमेरसारखा हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, गाडीतच मुक्काम, आणि हे वर्षातून तीन-चारदा होणार असेल, तर ३५ ते ४० लिटरचा कंप्रेसर फ्रिज आणि त्यासाठी वेगळी बॅटरी घ्या. पैसे कमी पडत असतील तर फ्रिज लहान घ्या, पण कंप्रेसरचाच घ्या. स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक डबा आपल्या उन्हाळ्यात औषधासाठी दोन्ही परिस्थितींत नको. फ्रिज घेतला तरी औषधाचा छोटा डबा आणि दोन पट्ट्या सोबत असू द्या. यंत्र कधीही बंद पडू शकते.

दुकानात एवढे विचारा. कंप्रेसर आहे का? बाहेर ४५ अंश असताना आत किती राहील? १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालतो का? बॅटरी प्रोटेक्शनच्या किती पातळ्या आहेत? घरच्या विजेवर लावायचा अडॅप्टर सोबत येतो का? आणि बिघडला तर दुरुस्ती बीडला होते, की छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला पाठवावा लागतो? जी बाटली उभी ठेवायची आहे ती सोबत नेऊन डब्यात मावते का, तेही पाहून घ्या.

आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी घरच्या अंगणात एक परीक्षा घ्या. फ्रिज गाडीत ठेवा, गाडीच्या बॅटरीला जोडा, आत पाण्याच्या बाटल्या आणि थर्मामीटर ठेवा आणि दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दर तीन तासांनी आकडा वहीत लिहा. रात्रीचा आकडा घेण्याचे काम घरातल्या जागरण करणाऱ्या तरुणांकडे द्या. आकडा २ आणि ८ च्या मध्ये राहिला, तर सासूबाईंचे औषध निर्धास्तपणे त्यात ठेवा. राहिला नाही, तर कारण शोधायला अजून आठवडा हातात आहे.

अल्लाह आपणा सर्वांचा सफर सुखरूप करो.